कारवानी कुत्र्याची पैदास : आरंभ करू इच्छिणाऱ्यांसाठी एक पाठ



सातारा शहराच्या पूर्वेस, कृष्णा व वेण्णा या दोन नद्यांच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथील समाध्यांच्या सान्निध्यात एका कुत्र्याचीही समाधी दाखविण्यात येते. छत्रपती शाहू महाराजांचा हा खंड्या नावाचा कुत्रा. त्याने वाघाच्या हल्ल्यातून महाराजांचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका लोक सांगतात. कुत्र्याच्या इमानाच्या अशा कथा आपल्या भाषेत पुष्कळ आहेत, आणि 'इमानी कुत्रा' या विषयावर निबंध लिहिला नाही असा विद्यार्थी शोधूनही सापडणार नाही. परंतु कुत्र्याने माणसाशी राखलेल्या इमानाविषयी आपण जितके लिहितो, तितका विचार माणसाने कुत्र्याशी राखावयाच्या इमानाविषयी करीत नाही. आजचा आमचा विषय हा दुसरा आहे.

माण, खटाव, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत हे आपल्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील अल्प पावसाचे तालुके. येथील मेंढपाळांच्या व शेतकऱ्यांच्या दारी उंच, सडपातळ, लांब तोंडाचे व वाऱ्यासारखे धावणारे कुत्रे दिसते. यास कोणी कारवानी म्हणतात, कोणी मुधोळ. अलीकडे या जातीच्या पिलांस मागणी येऊ लागली आहे; त्यामुळे 'एक कुत्री आणावी, ती व्यावी आणि पिले विकून चार पैसे मिळवावेत' असा विचार अनेक तरुणांच्या, व क्वचित त्यांच्या वडीलधाऱ्यांच्याही, मनात येतो. हा विचार निंद्य आहे असे आम्ही म्हणत नाही. उत्तम जनावर निपजविणे हे शेतकऱ्याचे जुने व मानाचे काम आहे. माडग्याळच्या मेंढ्या आणि माणदेशाचे खिलार बैल हे अशाच डोळस निवडीचे फळ होय. तथापि कुत्र्याच्या पैदाशीत एक मोठा भेद आहे. बैलास औत आहे, मेंढीस बाजार आहे. नको असलेल्या पिलास मात्र रस्त्यावाचून ठिकाण नाही. यास्तव आमच्या सर्व सांगण्याचे सार आम्ही प्रथमच चार शब्दांत देतो : आधी घरे, मग पिले.

जातीची ओळख

पैदास करणाऱ्याने आपल्या जातीचा इतिहास जाणलाच पाहिजे. दृष्टीने सावज हेरून केवळ वेगाने ते गाठणाऱ्या कुत्र्यांचा एक मोठा कुलसमूह आहे. इंग्लंडचा ग्रेहाउंड, अरबस्तान व इराणकडील सालुकी आणि आपला कारवानी हे त्यातलेच. व्यापारी तांड्यांबरोबर असे कुत्रे दख्खनेत आले, अशी समजूत आहे व 'कारवानी' हे नाव त्यावरूनच पडले असे म्हणतात. आखूड केसांचा तो कारवानी; कान, शेपटी व पाय यांवर रेशमी केसांची झालर असते तो पश्मी. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची खांद्यापाशी उंची सुमारे २५ ते २९ इंच भरते. नर मादीहून थोडा उंच असतो.

मुधोळ हे गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. पूर्वी ते घोरपडे घराण्याचे संस्थान होते, आणि सांगली संस्थानाचा तेरदाळ तालुका त्याच मुलुखात असल्यामुळे आपल्या भागाशी त्याचा संबंध जुना आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुधोळचे अधिपती श्रीमंत मालोजीराव घोरपडे यांनी या जातीकडे लक्ष पुरवून तिचे संगोपन केले व इंग्लंडचे राजे पाचवे जॉर्ज यांस या कुत्र्यांची जोडी नजर केली, असे सांगण्यात येते. पुढे भारतीय टपाल खात्याने ९ जानेवारी २००५ रोजी देशी कुत्र्यांच्या चार जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. मुधोळनजीक तिम्मापूर येथे कर्नाटकाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन व माहिती केंद्र स्थापन झाले. २०१६ साली भारतीय सैन्याच्या मेरठ येथील केंद्राकडे मुधोळची काही पिले शिक्षणार्थ पाठविण्यात आली. हिंदुस्थानात नोंदणी करणाऱ्या दोन प्रमुख संस्थांपैकी एक या जातीस कारवान हाउंड म्हणते व दुसरी मुधोळ हाउंड म्हणते. तेव्हा नावाच्या भिन्नतेमुळे नवशिक्याने गोंधळून जाऊ नये.

या इतिहासातून एक बोध घ्यावयाचा. ही जात राजवाड्यात टिकली त्याहून अधिक ती मेंढपाळाच्या वाड्यात टिकली. तेथे कागदी वंशावळ नव्हती. पण जो कुत्रा धावण्यास मंद, प्रकृतीने नाजूक अथवा घरच्या माणसांस चावरा, त्याची अवलाद कोणी ठेवीत नसे. कामाची कसोटी हीच त्या काळची निवड होती. आता ती कसोटी उरलेली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. माळावरचा ससा असो की सागरेश्वराच्या अभयारण्यातील हरिण असो, त्याच्यामागे कुत्रा सोडणे हा अपराध होय. हा कायदा योग्यच आहे. परंतु त्यामुळे पूर्वी जी निवड माळरान करीत असे, ती आता पैदास करणाऱ्याच्या विवेकास करावी लागते. केवळ उंची व रंग पाहून नर-मादी जुळविणारा मनुष्य दोनचार पिढ्यांत दिखाऊ पण दुबळी जात निर्माण करतो.

हिशोब पैशांचा नव्हे, जिवांचा

आता आपण थोडे गणित करू. कुत्रीच्या एका वेतात आठ पिले झाली असे धरा. दोन शेजाऱ्यांनी नेली, दोन आप्तांनी नेली, एक घरी ठेवले. उरली तीन, आणि बहुधा त्या तिन्ही माद्याच असतात, कारण माजाच्या त्रासामुळे मादी घेण्यास लोक नाखूष असतात. त्या तीन माद्या गावात मोकळ्या राहिल्या व प्रत्येकीस वर्षातून एकदा सहा पिले झाली, तर एका वर्षात अठरा. त्यांतील निम्म्या माद्या धरल्यास पुढील वर्षी बारा माद्यांची बहात्तर. हे गणित कागदावरचे आहे, कारण रस्त्यावरील पिलांपैकी पुष्कळशी पहिले वर्षही पुरे करीत नाहीत. काही उपासाने मरतात, काही रोगाने, काही वाहनाखाली. पण एवढ्याने मनाचे समाधान व्हावे काय? ज्या तिघींस घर नव्हते त्यांच्या जन्मास कारण कोण, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसरे गणित वर्षांचे. नीट पाळलेला कुत्रा दहा ते तेरा वर्षे जगतो. आज इयत्ता आठवीत असलेल्या विद्यार्थ्याच्या घरी जन्मलेले पिलू, तो विद्यार्थी पंचविशीच्या घरात येईपर्यंत या जगात असावयाचे आहे. त्या अवधीत तो पुण्यास शिकावयास जाईल, मुंबईस नोकरीस लागेल. पिलाच्या नव्या मालकाचीही स्थिती पालटेल. अशा वेळी 'या कुत्र्यास आता ठेवणे शक्य नाही' असे म्हणत कोणी परत आला, तर त्यास दार उघडणारा जो, तोच खरा पैदासकार. ज्यास हे जमणार नाही त्याने कुत्रा पाळावा, त्यावर प्रेम करावे. पैदास करू नये. मादीचे गर्भाशय व नराचे वृषण पशुवैद्याकडून शस्त्रक्रियेने काढून घेणे यात कसलेही क्रौर्य नाही. मादीस पुढे होणाऱ्या गर्भाशयातील पुवाच्या जीवघेण्या रोगापासून त्यामुळे संरक्षणच मिळते.

कायदा काय सांगतो

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याखाली २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीविषयी व विक्रीविषयी स्वतंत्र नियम झाले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी निरोगी व किमान अठरा महिन्यांची असावी; आठ वर्षांवरील मादीपासून पैदास करू नये; वर्षात एकाहून अधिक व आयुष्यात पाचांहून अधिक वेते घेऊ नयेत; आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकू नये. प्रत्येक जनावराची व विक्रीची नोंद ठेवावी, असेही या नियमांचे सांगणे आहे. पालकांस आमची विनंती अशी की, मुलाने हौसेने आरंभिलेला उद्योग म्हणून या गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये. नोंदणी वडीलधाऱ्यांच्याच नावे व्हावयाची व जबाबदारीही त्यांचीच.

कायदा ही किमान मर्यादा होय. पाच वेतांची मुभा आहे म्हणून पाचही घेतलीच पाहिजेत असे नाही. सुज्ञ मनुष्य दोन किंवा तीन वेतांवर थांबतो व मादीस पुढील आयुष्य घराच्या उंबऱ्याशी सुखाने काढू देतो.

नर-मादीची निवड

प्रथम स्वभाव पाहावा. घरातील लहान मुलांस, पाहुण्यांस, शेळ्यामेंढ्यांस कुत्रे कसे वागविते, मोठा आवाज झाल्यास किती घाबरते व किती लवकर सावरते, हे दीर्घकाळ निरखावे. कारवानी कुत्रा परक्याशी अलिप्त असतो हा त्याचा जातिधर्म. परंतु भित्रेपणा व अलिप्तपणा एक नव्हेत. भित्री मादी आपला भित्रेपणा पिलांस वंशानेही देते आणि उदाहरणानेही शिकविते.

नंतर प्रकृती. पशुवैद्याकडून हृदय, डोळे, दात व चाल तपासून घ्यावी. मिलनाद्वारे पसरणारे दोन रोग विशेष ध्यानात ठेवावेत. एक, ब्रुसेला जंतूंचा, ज्याने गर्भ पडतात व जो माणसासही होऊ शकतो. दुसरा, जननेंद्रियावरील गाठीचा, जो आपल्या देशातील मोकाट कुत्र्यांत बराच आढळतो. नर नामांकित आहे एवढ्यावर विश्वासून तपासणी टाळू नये.

तिसरी गोष्ट नात्याची. प्रत्येक प्राण्यास प्रत्येक गुणाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक बापाकडून. दोषयुक्त प्रत एकच असेल तर पुष्कळदा दोष झाकला जातो. दोन्ही तशाच असतील तर तो उघड होतो. नर-मादी जवळच्या नात्यातील असल्यास त्यांच्याजवळ तीच दोषयुक्त प्रत असण्याचा संभव वाढतो. हा संभव शास्त्रज्ञ शेकड्यात मांडतात. सख्ख्या भावंडांचे किंवा बाप-लेकीचे मिलन घडविल्यास पिलांत तो शेकडा २५, सावत्र भावंडांत १२·५ व चुलत भावंडांत ६·२५ इतका येतो. फळ काय? लहान वेते, मेलेली पिले, क्षीण रोगप्रतिकार.

येथे आपल्या भागातील एक व्यवहार सांगितला पाहिजे. तालुक्यात एखाद्या नराचे नाव झाले की जो तो आपली मादी त्याच्याकडे नेतो. समजा, त्याने वर्षात दहा माद्यांस साठ पिले दिली. ती साठही एकमेकांची सख्खी नाही तर सावत्र भावंडे झाली, आणि दोन वर्षांनी मालकांस नकळत त्यांचीच आपसांत जुळणी होऊ लागली. प्रत्येकाने आपल्या परीने उत्तम तेच केले. तरी एकंदरीत जातीचे नुकसान झाले. यास उपाय एकच : तीन पिढ्यांपर्यंतची नावे लिहून ठेवावीत, व नर शोधताना शेजारच्या वाडीवर न थांबता जत सोडून माण, प्रसंगी मुधोळपर्यंत जाण्याचे कष्ट घ्यावेत.

माज, गर्भ व वेत

मादी साधारणतः वर्षातून एकदा किंवा दोनदा माजावर येते. माज सुमारे तीन आठवडे टिकतो व त्यांतील मधले काही दिवसच फळण्याचे असतात. या सर्व काळात मादीस बंदिस्त व देखरेखीखाली ठेवावे. पुष्कळांस ठाऊक नसते की, एकाच वेतातील पिलांचे बाप भिन्न असू शकतात. दोन घटका फाटक उघडे राहिले तर वर्षभराची निवड व्यर्थ जाते. पहिल्याच माजावर मादी कधीही देऊ नये. तिचे स्वतःचेच शरीर तेव्हा वाढत असते. मिलनापूर्वी तिचे लसीकरण पुरे झालेले असावे, म्हणजे तिच्या चिकातून पिलांस संरक्षण मिळते.

गर्भावधी सुमारे ६३ दिवसांचा. १ नोव्हेंबरास मिलन झाले तर ३ जानेवारीच्या सुमारास वेत होईल व २८ फेब्रुवारीस पिले आठ आठवड्यांची होतील. म्हणजे माणदेशी उन्हाळ्याची लाही होण्यापूर्वी पिले नव्या घरी जाण्यायोग्य होतात. मात्र पहिल्या पंधरवड्यात रात्रीच्या थंडीपासून त्यांस जपावे लागते. विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. हेच दिवस परीक्षेच्या तयारीचे! आठ पिलांची दिवसातून अनेकदा साफसफाई कोण करणार, हे घरात आधीच ठरलेले नसेल तर ते काम आईच्या अंगावर पडते. आपल्या हौसेचा भार दुसऱ्यावर टाकणे ही पैदास नव्हे.

वेताच्या आधी आठवडाभर शांत, कोरड्या जागी पेटी तयार ठेवावी व मादीचे तापमान दिवसातून दोनदा पाहावे. ते सामान्यतः १०१ ते १०२·५ अंश फॅरनहाइट असते. ९९ च्या खाली उतरले की बहुधा चोवीस तासांच्या आत वेत सुरू होते. मादीस स्वस्थ विऊ द्यावे. गर्दी करू नये. परंतु जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिलू न येणे, आत पिले असूनही दोन तास खंड पडणे, किंवा पहिल्या पिलापूर्वीच हिरवट स्राव जाणे, ही संकटाची चिन्हे होत. अशा वेळी ओढाताण करू नये, मनाने सुई टोचवू नये. पशुवैद्यास तत्काळ बोलवावे. त्याचे नाव व घर आधीच ठाऊक असावे. आपल्या जिल्ह्यात शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पण अपरात्री उपयोगी पडतो तो जवळचाच वैद्य. शस्त्रक्रियेचा प्रसंग आल्यास मादी ग्रेहाउंडाच्या कुळातील आहे हे त्यास अवश्य सांगावे, कारण अंगावर चरबी अल्प असलेल्या या कुळातील कुत्र्यांस भुलीची काही औषधे अधिक काळ बाधतात.

पिलांचे आठ आठवडे

नवजात पिलू आंधळे व बहिरे असते आणि स्वतःच्या अंगाची ऊब राखू शकत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीतील हवा ८५ ते ९० अंश फॅरनहाइट असावी. पहिल्या दिवसातच प्रत्येकास चीक मिळाला पाहिजे. पिलांस खूण करून रोज वजन करावे व वहीत मांडावे. निरोगी पिलाचे वजन दहाबारा दिवसांत दुप्पट होते. ज्याचे वजन थांबले ते पिलू बोलत नाही, पण वही बोलते. दहा ते चौदा दिवसांनी डोळे उघडतात. दूध पाजणारी मादी एकाएकी थरथरू लागली, तिचे पाय ताठ झाले, तर चुनखडीच्या अंशाची रक्तातील उणीव समजून तिला त्वरित वैद्याकडे न्यावे. हा रोग काही तासांत प्राण घेतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून मऊ अन्न द्यावे. केवळ भाकरी व ताक यांवर कुत्र्याचे पिलू पोसत नाही; अंडी, मांस, शिजलेली डाळ यांची जोड हवी. कांदा, चॉकलेट यांपासून दूर ठेवावे, आणि सांगली जिल्ह्यातील वाचकांनी विशेष ध्यानात धरावे की द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडास विषासारखे घातक ठरतात. तासगावकडील घरांत बेदाणा मुठीने वाटला जातो. त्यातला एक दाणाही पिलास देऊ नये.

जंताचे औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यास द्यावयाचे. आठ पिलांचे हे बत्तीस डोस झाले. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांवरील पहिली लस. ते आठ डोस. पुढील मात्रा व तीन महिन्यांच्या वयातील रेबीजची लस नव्या मालकाने द्यावयाची असते. तिची तारीख त्यास लिहून द्यावी. खर्चाचा अंदाज करताना हे आकडे, मादीची तपासणी, अधिक आहार व एका शस्त्रक्रियेची शिल्लक एवढे प्रथम मांडावे. असा हिशोब प्रामाणिकपणे मांडणाऱ्यास पहिल्या वेतात नफा क्वचितच दिसतो. जो नफा दिसतो तो बहुधा वरीलपैकी काहीतरी गाळल्याचा असतो.

शरीराइतकेच मन महत्त्वाचे. अमेरिकेतील स्कॉट व फुलर या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दीर्घ प्रयोगान्ती दाखवून दिले की, तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे बाराव्यापर्यंतचा काळ हा पिलाच्या सामाजिक घडणीचा काळ असतो. या दिवसांत माणसांचा मायेचा स्पर्श, घरातील आवाज, मुलांचा वावर यांची ओळख झालेले पिलू पुढे निर्भय निघते. गोठ्याच्या अंधारात वाढलेले आयुष्यभर बुजरे राहते. लहान विद्यार्थ्यांस हे काम उत्तम साधते. पिलास हळुवार उचलणे, नाव घेऊन बोलावणे, गोचिडी पाहणे, हे सारे शिक्षणच होय. कान कापणे, डागणे इत्यादी प्रकार मात्र सर्वस्वी वर्ज्य समजावेत. त्यांत वेदनेवाचून दुसरे काही नाही.

घर कसे निवडावे

घेणारा पैसे मोजतो म्हणून त्यास प्रश्न विचारू नयेत, हा समज सोडून द्यावा. कुत्रा दिवसभर साखळीस राहणार काय? धावण्यास जागा आहे काय? घरातील सर्वांची संमती आहे काय? शिकारीसाठी तर नेत नाही ना? मालक परगावी गेल्यास कोण पाहील? कारवानी हा धावणारा जीव आहे. दोन खोल्यांच्या घरात तो कोमेजतो. समाधानकारक उत्तर न मिळाल्यास नम्रपणे नकार द्यावा. होकार दिल्यास लेखी करार करावा : लसीच्या तारखा, आईबापांची नावे, आणि 'ठेवणे अशक्य झाल्यास इतर कोणास न देता आमच्याकडे परत आणावे' हे कलम. वर्षातून एकदा चौकशी करावी.

ही सर्व चौकशी पिले झाल्यावर नव्हे, तर मादी नरास दाखविण्यापूर्वी व्हावी. निदान सहा कुटुंबांनी विचारपूर्वक मागणी नोंदविली असेल तरच पुढे पाऊल टाकावे. चारच असतील तर एक वर्ष थांबावे. मादीचे त्यात काही बिघडत नाही.

आरंभाचा क्रम

मग नवशिक्याने आरंभ कसा करावा? पहिली दोन वर्षे पैदास न करता! एक चांगले पिलू घ्यावे, तेही त्याची आई व ते राहते ती जागा डोळ्यांनी पाहून. ते स्वतःच्या हाताने वाढवावे. जातीच्या जाणत्या माणसांच्या, विशेषतः वृद्ध मेंढपाळांच्या, जवळ बसून ऐकावे. त्यांच्या ध्यानात कोणत्या कुत्रीची लेक कोठे दिली हे सर्व असते, आणि ते लिहून घेतले नाही तर त्यांच्याबरोबरच जाईल. हे लेखनाचे काम करण्यास विद्यार्थ्याहून योग्य कोण? एखाद्या अनुभवी पैदासकाराच्या घरी वेताच्या वेळी मदत करावी. नंतर आपली मादी पैदाशीस योग्य आहे का, हे ममत्व बाजूस ठेवून वैद्याकडून ठरवावे. ती योग्य नसल्यास तिचे प्रेम कमी होत नाही. फक्त तिची पिले घ्यावयाची नाहीत. आणि योग्य असल्यास, प्रथम घरांची यादी, मग नराचा शोध.

पालकहो, मुलाने पिलाचा हट्ट धरला म्हणजे आपण त्याचे अभ्यासातील गुण विचारता. त्याबरोबर हेही विचारावे : पाण्याचे भांडे रोज कोण घासील? लसीची तारीख कोणाच्या ध्यानात राहील? म्हातारा झालेला, अंधुक डोळ्यांचा कुत्रा कोण सांभाळील? या प्रश्नांची उत्तरे ज्या घरात प्रेमाने दिली जातात, तेथे मुलास कर्तव्याचा असा पाठ मिळतो की जो कोणत्याही क्रमिक पुस्तकात छापून देता येत नाही. आपल्या पशूच्या जिवाची पर्वा करणे हे शास्त्राने सज्जनाचे लक्षण मानिले आहे. जो जीव आपल्या इच्छेने जगात आला, त्याविषयी तर ही पर्वा दुप्पट असावयास हवी. कारण रस्त्यावरील भुकेल्या कुत्र्यास भाकरीचा तुकडा घालणे ही दया होय, परंतु आपण जन्मास आणलेल्या पिलास घर देणे हे ऋण होय. दया करणे अथवा न करणे मनुष्याच्या इच्छेवर असते. ऋण फेडावेच लागते.